निळतुऱ्याची मोळी

केबिरुंगीला बेटावर ठेवायला बाप आणि भाऊ दोघं निघाले होते. धुकं उठायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणजे पलीकडच्या डोंगरावरून डोंगी कुणाला दिसली नसती. बाप काताबाझी पुढे पाठमोरा बसला होता. भाऊ रुतारो मागे वल्हं मारत होता. मधे केबिरुंगी, बकरीच्या कातड्यात अंग गुंडाळून. पाचवा सरला होता. कातडं कितीही सैल घेतलं तरी पोट लपायचे दिवस गेले होते.

बुन्योनी तळ्याच्या काठच्या डोंगरांवर हा रिवाज आज्या-पणज्यांपासूनचा. लग्नाआधी पोट आलं की मुलीला त्या बेटावर ठेवायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मारायचं कुणी नाही, फक्त ठेवायचं. गारठा आणि पाणी उरलेलं काम करत. गोऱ्या साहेबाचं राज्य येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण साहेब दूर कबालेच्या कचेरीत बसे आणि तळ्यावरची गोष्ट तळ्यावरच राही. ज्याच्यामुळे हे झालं त्या पोराने "मी हिला ओळखतसुद्धा नाही" म्हणून हात झटकले होते आणि तो मजुरीला दूर बुगांडा मुलखात निघून गेला होता.

"दादा, जरा हळू मार. मळमळतंय," केबिरुंगी म्हणाली.

रुतारोचं वल्हं थबकलं. बाप न वळता म्हणाला, "मार रे."

"बाबा, आईला काय सांगाल?"

"तिला माहीत आहे सगळं."

"ते नाही. मी कशी गेले म्हणून ती विचारेल. रडत गेली असं सांगू नका. मी रडलेली नाही."

डोंगीचं नाक गवतात रुतलं तेव्हा रुतारोने बहिणीला हात धरून उतरवलं, आणि हात सोडायला त्याला जरा वेळच लागला. मग दोघं गेले. धुक्यात आधी बाप दिसेनासा झाला, मग भाऊ. वल्ह्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

बेट म्हणजे तरी काय, दोन गोठे मावतील एवढा गवताचा तुकडा. पाय टाकावा तिथे घोट्याएवढं पाणी. कडेने माणसाहून उंच लव्हाळं, आणि मधोमध निळतुऱ्याची जाळी. निळतुरा सगळ्या ओढ्या-दलदलींच्या काठाला उगवे, पण इतका दाट तिने कुठे पाहिला नव्हता. चौकोनी दांड्याचं, डोक्याच्याही वर जाणारं झुडूप. पान चुरगळलं की पुदिन्यासारखा झणका यायचा. तुळशीला मंजिऱ्या येतात तसे त्याला तुरे येत, पण जाड आणि गर्द निळे. फुलं झडली की त्याच तुऱ्यांना काटे राहत. शेळ्या त्याला तोंड लावत नसत. बायका सर्पणाला नेत नसत, कारण वाळलेलं लाकूड गवतासारखं भुर्रकन जळून जाई. कुणाच्या कामाचं नाही, असं ते झुडूप.

निदान कोरड्यात बसावं म्हणून केबिरुंगी जाळीत शिरली. आत खरंच कोरडं होतं. झुडपांच्या मुळांनी माती धरून ठेवली होती आणि हातभर उंचवटा तयार झाला होता. काटेरी तुऱ्यांनी दंड ओरबाडले. ती वाकून अजून आत गेली, आणि तिथे तिला मोळी दिसली.

माणसाच्या कमरेएवढी जाड मोळी. निळतुऱ्याचे वाळलेले दांडे, फाटे काढून एका लांबीचे केलेले, लव्हाळ्याच्या दोराने दोन ठिकाणी आवळून बांधलेले. तिसरा दोर नुसताच वळून बाजूला ठेवलेला. आजूबाजूला मोडलेल्या झुडपांचे जुने खुंट होते आणि त्यांतून नवे कोंब हात-हात वर आले होते.

केबिरुंगी मोळीशेजारी बसली. मोळी कशाची आणि कुणाची, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. गेल्या वर्षी खाडीपलीकडच्या बोनाबानाला इथे ठेवली होती. टोपल्या विणणाऱ्या बाझिराकेमावशीची ती एकुलती एक लेक. त्यानंतर सगळ्या डोंगरांवर एकच बोललं गेलं: पोरगी शहाणी निघाली, गुमान बसली आणि गुमान गेली. केबिरुंगीनेही ते ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं.

तिने एक दांडा उचलून पाहिला. पिसासारखा हलका. आत पांढरा भेंड होता. पाण्यात टाकला तर बुडाला नाही, उलट आडवा होऊन डुलत राहिला.

"अगं बाई," ती बोनाबानाला म्हणाली, जणू ती समोरच बसली होती, "तू तर निघालीच होतीस."

आईने कातड्याच्या ओच्यात भाजलेली तीन रताळी लपवून दिली होती. त्यातलं एक तिने खाल्लं आणि कामाला लागली. कोयता नव्हता. वाळलेले दांडे पायाखाली घेऊन मोडावे लागत, ओले पिळून पिळून तोडावे लागत. तळहात सोलवटले. दोर वळायला लव्हाळं हवं तेवढं होतं. जुन्या मोळीच्या दोन गाठी तिने सोडवून पाहिल्या, पण त्या सुटेनात. दोराचा पीळ उलटा होता आणि गाठही उलट्या बाजूने आवळलेली. शेवटी तिने त्या तशाच ठेवल्या. संध्याकाळी मोळी पाण्यात लोटून ती वर पालथी पडली, तर मोळी तिला घेऊन खाली बसली. अजून दुप्पट दांडे हवे होते. ती रात्र तिने ओल्या फांद्यांच्या थरावर, पानं अंगाला चोळून, दात वाजवत काढली. पोटातलं पोर लाथा मारत होतं, तेव्हा तेही गारठलं असावं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर एक डोंगी आली. वल्ह्यावर झिकांगा होता. तिशी उलटलेला, पलीकडच्या काठचा, गोठ्यात एक गाय नाही म्हणून बिनलग्नाचा राहिलेला. त्याच्यासारखे पुरुष कधी कधी बेटाकडे येत हे केबिरुंगीने ऐकलं होतं. इथून उचललेल्या मुलीसाठी तिच्या बापाला गायी द्याव्या लागत नसत, आणि तिला शिवल्याचा शाप लागायला ह्यांच्या गोठ्यात गुरंच नसत.

तिने घाईघाईने मोळीवर फुललेल्या फांद्या टाकल्या आणि जाळीच्या बाहेर येऊन उभी राहिली.

"जिवंत आहेस की," झिकांगा म्हणाला. "घे, आंबील आणलीय ज्वारीची."

तिने आंबिलीचा भोपळा त्याच्या हातातून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"आता ऐक. माझ्याकडे झोपडी आहे, ज्वारीचा एक पट्टा आहे. तू चल. कुदळ मार, रांध, राहा. तुला कुणी काही विचारणार नाही."

"आणि पोर?"

झिकांगाने वल्ह्याने पाणी ढवळलं. "पोर झालं की त्याची सोय लावू. दुसऱ्याचं पोर मी कशाला पोसू? एवढी एकच अट."

"म्हणजे मी तुला स्वस्तात पडते."

"स्वस्तात कसली, फुकटात," तो हसला. मनाने वाईट नव्हता, आपण विनोद केला असंच त्याला वाटलं.

"मग मला नाही यायचं."

त्याने चहूकडे नजर फिरवली. गवत, पाणी, झुडपं. "नाही म्हणतेस? कुणाच्या जिवावर? ह्या काटक्यांच्या?"

"असं समज."

"माझी आंबील प्यायलीस ना गं तू?"

"प्यायले. आंबट होती."

झिकांगाचं तोंड उतरलं, मग रागाने ताठरलं. त्याने एक पाय डोंगीबाहेर टाकला. केबिरुंगीने वाळक्या काटेरी तुऱ्यांची एक लांब फांदी उचलून आडवी धरली.

"ये ना," ती म्हणाली. "पण पोहता येतं का तुला? तू पाच पावलं आत आलास की मी वळसा घालून डोंगी ढकलून देईन. मग आपण दोघं इथेच. तुझं वऱ्हाड कोण आणतं ते बघू."

झिकांगाला पोहता येत नव्हतं. त्याने पाय परत आत घेतला.

"उद्या बाजार आहे," तो म्हणाला. "बाजार उरकून येतो. अजून एक रात्र गारठ्यात काढ, मग तूच हाका मारशील."

तो गेल्यावर तिने दुसरं रताळं खाल्लं, आणि उरलेला दिवस ती थांबली नाही. सांजेला मोळी बैलाच्या पोटाएवढी झाली. दोन्ही टोकांना आणि मधे मिळून सात गाठी. त्यातल्या दोन बोनाबानाच्या. जाळीचा एक कोपरा मात्र तिने मुद्दाम उभा सोडला. आणखी कुणाला तरी लागेल, एवढाच तिचा विचार होता.

सकाळी धुक्यातच तिने मोळी लोटली. शेवटच्या फांद्यांचे तुरे काढायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून मोळी अजून निळीच होती. ऊन पडल्यावर काठाकडून मधमाश्या आल्या आणि त्या फुलांवर बसत-उठत बरोबर निघाल्या. केबिरुंगी पालथी पडून हातांनी पाणी मागे ओढत होती, पाय झोडत होती. पोट एका कुशीवर सांभाळावं लागत होतं. जवळचा काठ झिकांगाचा होता. तिने मोळीचं तोंड दुसरीकडे धरलं, आपल्या डोंगराखालच्या बाजारघाटाकडे, जिथे आज चारी डोंगरांची माणसं जमणार होती.

तळ्याच्या मध्यावर वारा सुटला आणि एक गाठ गेली. दांडे एकेक करून निसटायला लागले. तिने चाचपून पाहिलं. सुटलेली गाठ तिची स्वतःची होती. पुढच्या टोकाच्या दोन उलट्या गाठी तशाच घट्ट होत्या. ती सरकत पुढे गेली आणि तिथेच चिकटून राहिली. पाणी हनुवटीला लागत होतं. तिने मनात ना देवाला हाक मारली, ना आईला. ती फक्त मोजत होती: हात मागे, हात मागे, हात मागे.

घाटावर बाजार भरात होता. शेळ्या, मडकी, वाटाण्याच्या टोपल्या, ज्वारीची दारू. आधी एका मडकी विकणाऱ्या बाईने पाहिलं. ती गप्प झाली, मग तिच्या शेजारची, असं करत करत सगळा घाट गप्प झाला. निळ्या फुलांचा एक भारा काठाला लागला आणि त्यावरून काताबाझीची लेक उठून उभी राहिली. तिच्या अंगातून पाणी गळत होतं आणि ओठ काळेनिळे पडले होते.

दारूच्या मडक्याभोवती म्हातारी मंडळी बसली होती. त्यांतला सगळ्यांत वडीलधारा काठी टेकत पुढे आला. त्याच्या मागे काताबाझी होता.

"हिला कुणी आणलं?" म्हाताऱ्याने विचारलं. "बेटावरच्या मुलीला माघारी आणायचं नाही, हे ठाऊक नाही का कुणाला?"

"मला कुणी आणलं नाही, आजोबा," केबिरुंगी म्हणाली. थंडीने शब्द तुटत होते, म्हणून ती सावकाश बोलली. "बघा, डोंगी दिसते का कुठे? आणायचं नाही हा रिवाज आहे. आपल्या पायांनी यायचं नाही असं कुणी कधी सांगितलंय का?"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

काताबाझी पुढे झाला. "तू मेलीस आम्हाला," तो म्हणाला.

"बरं, मेले. मग मेलेल्या माणसाला परत नेऊन ठेवता येत नाही, बाबा. एकदाच ठेवतात."

गर्दीतून झिकांगा ओरडला, "ती माझ्याकडे यायची आहे. काल माझी आंबील प्यायली ती."

"प्यायले तेव्हाच सांगितलं ना तुला आंबट होती म्हणून," केबिरुंगी त्याच्याकडे न बघता म्हणाली. या वेळी बायका तोंडावर हात न ठेवता हसल्या.

पण पुढे कुणी येईना. बेटावरून आलेलीला शिवलं तर शिवणाऱ्याच्या घरी पाळणा हलत नाही, गुरं गाभडतात, असं सगळे मानत. केबिरुंगीच्या भोवती दहा पावलांची जागा मोकळी राहिली होती. "लोटा हिला पाण्यात," मागून एक जण म्हणाला. लोटायचं म्हणजे हात लावायचा, म्हणून तेही कुणी करेना.

तेवढ्यात टोपल्यांच्या रांगेतून बाझिराके उठली. वर्षभर ती बाजारात येई, टोपल्या मांडी, विके आणि कुणाशी चकार शब्द न बोलता जाई. आता ती चालत आली, केबिरुंगीकडे न बघता सरळ मोळीपाशी गेली आणि उकिडवी बसली. निळे तुरे बाजूला सारून तिने पुढच्या टोकाची गाठ बोटांनी चाचपली. मग दुसरी.

"ह्या तू बांधल्यास?"

"नाही मावशी. तिथे अर्धी मोळी होती. ह्या दोन आधीच्या आहेत. सुटत नव्हत्या, म्हणून ठेवल्या."

"सुटायच्या कशा. डावखुरी होती ती." बाझिराकेचा अंगठा गाठीवरून फिरत होता. "टोपली विणताना सगळा पीळ उलटा घालायची. त्या हातावर किती मारलंय मी तिला."

"किती झालं होतं तिचं काम?"

"दोन गाठी. तिसरीचा दोर वळून ठेवला होता."

"म्हणजे बसून नव्हती राहिली."

"नाही मावशी. बसून नव्हती राहिली."

बाझिराके उठली आणि म्हाताऱ्यांकडे वळली. "तुम्ही माझ्या दारात येऊन सांगितलंत, पोरगी गुमान गेली. मला वाटलं, चला, तिला कळलं तरी नसेल. वर्षभर मी त्यावर जेवले." तिचा आवाज चढला नाही. "ती माझ्याकडे यायला निघाली होती. आणि मी इथे टोपल्या विकत होते."

"बाझिराके, मागे हो," म्हातारा म्हणाला. "शिवलीस तर शाप लागेल."

"लागू दे. माझ्या घरात न्यायला त्याला मिळणार काय आहे?"

तिने केबिरुंगीचा सोलवटलेला हात धरला, अंगावरचं कातडं काढून तिच्या खांद्यावर टाकलं, आणि भर बाजारातून तिला घेऊन वर निघाली. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. वाट आपोआप मोठी होत गेली.

रिवाज त्या दिवशी मोडला नाही. बाझिराकेच्या टोपल्या तीन बाजार कुणी घेतल्या नाहीत. चौथ्या बाजाराला एका नवरीच्या आईला घाईने हव्या होत्या, तिने घेतल्या, आणि तिची गुरं काही गाभडली नाहीत. केबिरुंगीला वाटाण्याच्या सुगीत मुलगा झाला. त्याच्या बापाचं नाव विचारायला आलेल्यांना बाझिराके सांगे, "त्याला दोन आया आहेत. तुमच्या घरात किती आहेत?" केबिरुंगीची आई अधूनमधून विहिरीवर भेटे आणि नातवाच्या मुठीत भाजलेलं रताळं कोंबून जाई. काताबाझी लेकीशी पुन्हा बोलला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी रुतारो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"खाली जुनी डोंगी बांधलीय," तो म्हणाला. "गळते जरा."

"माहीत आहे. बसलेय मी तिच्यात."

रुतारोने जमिनीकडे पाहिलं. "काल एकीला ठेवलीय. उत्तरेच्या डोंगरावरची. लहान आहे गं."

केबिरुंगीने पोराला पाठीशी बांधलं. बाझिराके भोपळ्यात आंबील भरून घेऊन निघाली. दोघी रात्रीची वाट बघत बसल्या नाहीत. तोही बाजाराचाच दिवस होता, आणि त्या घाटावरूनच, सगळ्यांदेखत निघाल्या. एक डोंगीतलं पाणी उपसत होती, दुसरी वल्हवत होती.

बेटावर पोरगी पाण्यातच गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पंधराचीही नसेल. तिला डोंगीत घ्यायचं तर ती मागे मागे सरकायला लागली. कुणी आणलं तर घरच्यांना शाप लागतो म्हणाली.

"घरच्यांनीच तुला इथे ठेवलंय, आणि तू त्यांची काळजी करतेस?" केबिरुंगी म्हणाली. "आधी हे पी. मग चढ. शाप आमच्या नावावर लाव, आम्हाला सवय आहे."

परतताना घाटावर म्हातारी मंडळी ओळीने उभी होती. मुलीने बाझिराकेच्या मागे तोंड लपवलं. काठीवाला म्हातारा पाण्याच्या कडेपर्यंत आला. त्याच्या मागे यंदा बरीच माणसं होती, आणि त्यांत बायकाही होत्या, आपापल्या टोपल्या खाली ठेवून उभ्या.

"अशा किती जणींना आणणार आहात?" त्याने विचारलं.

"तुम्ही किती जणींना ठेवणार आहात?" केबिरुंगी म्हणाली.

म्हातारा काहीतरी बोलणार होता. पण मुलगी थंडीने थरथर कापत होती, म्हणून ऐकायला त्या थांबल्या नाहीत.